कोचीचा पावसाळी मुक्काम



प्रवासास निघणाऱ्या माणसाला हितचिंतकांकडून जे अनेक उपदेश मिळतात, त्यांत पावसाळ्यांत समुद्रकांठच्या शहरीं जाऊं नये, हा एक ठरलेला असतो. गेल्या आषाढांत मीं कोचीला जाण्याचा बेत केला, तेव्हां मलाही तो मिळाला. शिवाय मी एकटाच जाणार होतों. एकट्या माणसाला पावसानें खोलींत कोंडलें म्हणजे बोलावयासही कोणी उरत नाहीं, असें मित्रांचें म्हणणें पडलें. मी मूळचा रत्नागिरीकडील. तेव्हां पावसाची अपूर्वाई किंवा भीति मला कोणी सांगावी असें नव्हतें. तरी पण हातीं चार दिवस, खिशांत पंधरा स्थळांची यादी आणि डोक्यावर आषाढाचें आकाश, हा योग अवघड होता खरा. त्या चार दिवसांविषयीं आज आपणांशीं बोलावयाचें आहे. पाऊस असतांनाही काय पाहतां आलें, हें सांगण्याचा माझा हेतु नाहीं. पावसामुळेंच जें पाहतां आलें, तें सांगावयाचें आहे.

प्रथम स्थळाची थोडी कल्पना देतों. कोची हें केरळाच्या किनाऱ्यावरील जुनें बंदर. नकाशांत तें एक शहर दिसतें. प्रत्यक्षांत तो पाण्यानें वेगळ्या केलेल्या वस्त्यांचा समुदाय आहे. पूर्वेस मुख्य भूमीवर एर्नाकुलम्. तेथें रेल्वे, कचेऱ्या आणि मोठा बाजार. पश्चिमेस खाडीपलीकडे, समुद्राच्या तोंडाशीं, फोर्ट कोची आणि त्याला लागून मट्टनचेरी. जुनें कोची म्हणतात तें हेंच. उत्तरेस वैपीन नांवाचें लांबट बेट, आणि मध्यें बंदरांतील गाळ उपसून त्याच गाळाच्या भरावानें वाढविलेलें विलिंग्डन बेट. या वस्त्यांना पूल आहेत, तशा बोटीही आहेत. विजेच्या शक्तीवर चालणाऱ्या नव्या बोटी 'वॉटर मेट्रो' या नांवानें २०२३ सालीं सुरू झाल्या आणि २०२४ पासून फोर्ट कोचीपर्यंत जाऊं लागल्या. अशाच एका बोटीनें मी पलीकडे गेलों. कांचेवर सरी आपटत होत्या, आणि पाणी कोठें संपतें व आकाश कोठें सुरू होतें हें कांहीं केल्या कळत नव्हतें.

या पावसाचें कारण साधें आहे. नैर्ऋत्येकडून येणारा वारा अरबी समुद्रावरून येतांना बाष्पानें ओथंबलेला असतो. किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर सह्याद्रीची भिंत उभी आहे, आणि ती केरळांत आपल्याकडील भिंतीहून बरीच उंच आहे. आपलें कळसूबाई १,६४६ मीटर, तर तेथील अनमुडी २,६९५ मीटर. वाऱ्याला ही भिंत चढावी लागते. चढतांना तो थंड होतो. थंड हवेला तितकें बाष्प धरून ठेवतां येत नाहीं, आणि तें पाऊस होऊन खालीं येतें. हा पाऊस केरळांत उतरण्याची सरासरी तारीख १ जून धरतात. कोचींत वर्षाला सुमारें ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. रत्नागिरीचा पाऊसही साधारण याच मापाचा, किंबहुना थोडा अधिकच. पण आपला मेघराज चार महिन्यांत काम आटोपून जातो, तर कोचीचा दोन हप्त्यांनीं येतो. तेथील महिने सौर, राशींच्या नांवांचे. वृषभ म्हणजे इडवम् महिन्याच्या मध्यास सुरू होणारा तो 'इडवप्पाति', आणि तुळेच्या महिन्यांत, ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास, बहुधा दुपारनंतर गडगडत येणारा तो 'तुलावर्षम्'.

पहिल्या दिवशीं माझ्या यादीचें मातेरें झालें. सकाळीं निघावें तों सर आली; ती ओसरली म्हणून निघालों तों दुसरी. ज्या घरीं उतरलों होतों, तेथील वृद्ध बाईंनीं मला ओसरीवरील वेताची खुर्ची दाखविली, चहा आणून दिला, आणि मोडक्या हिंदींत समजाविलें कीं, येथें पावसाशीं घाई करून चालत नाहीं, बसावें लागतें. मला तें पाहुण्याचें समाधान करण्याचें बोलणें वाटलें. परंतु त्या बाईंच्या आधीं सुमारें सहाशें वर्षें एका परदेशी प्रवाशानें हेंच लिहून ठेवलें आहे. पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धांत चीनच्या आरमाराबरोबर मा हुआन नांवाचा दुभाष्या कोचीस आला होता. तो सांगतो कीं, दुसऱ्यातिसऱ्या महिन्यांत रात्रीं एकदोन सरी पडतात, तेव्हां लोक घरें शाकारून घेतात व धान्याची बेगमी करतात; पांचव्यासहाव्या महिन्यांत रात्रंदिवस पाऊस कोसळतो, रस्त्यांच्या नद्या होतात, आणि सारे लोक घरांत बसून पावसाळा संपण्याची वाट पाहतात. त्या ओसरीवर बसल्या बसल्या माझ्या ध्यानीं आलें कीं, जी गोष्ट मी प्रवासांतील विघ्न म्हणून मोजीत होतों, ती या शहराची मूळची रीत आहे.

नुसती रीतच नव्हे. या शहराचा जन्मच पाण्यांतला आहे. पूर्वीं या किनाऱ्यावरील प्रसिद्ध बंदर कोची नव्हतें; तें उत्तरेस, कोडुंगल्लूरच्या परिसरांत होतें. रोमन लोक त्याला मुझिरिस म्हणत. १३४१ सालीं पेरियार नदीला प्रचंड पूर आला. तिनें आपला मार्ग बदलला, जुन्या बंदराचें तोंड गाळानें भरलें, आणि दक्षिणेस कोचीपाशीं नवें रुंद मुख उघडलें, असें इतिहासकार मानतात. एका पावसाळ्यानें एका बंदराचें दैव काढून दुसऱ्याच्या पदरांत घातलें, असेंच म्हणावयाचें. वैपीन बेटाचें आजचें रूपही त्याच पुराचें मानतात, आणि तेथील लोक या वर्षापासून आपला एक स्वतंत्र शक मोजीत असत.

आतां वाऱ्याकडे वळूं. शिडाच्या जहाजांच्या काळीं अरबस्तानांतून मलबारला येणाऱ्यास नैर्ऋत्येचा वारा हवा असे. परंतु तो ऐन भरांत असतां किनाऱ्याला लागणें म्हणजे जीवावर उदार होणें. म्हणून वाऱ्याचा जोर ओसरूं लागला कीं जहाजें येत. परत जावयाचें तर उलटा, ईशान्येचा वारा सुरू होईपर्यंत थांबणें भाग होतें. आणि ती संधि हुकली तर सबंध पावसाळा अंगावर येई. आपल्याकडे नारळी पौर्णिमेला समुद्र मोकळा होतो, हें सांगावयास नको. व्यापाऱ्यांचा मुक्काम असा महिन्यामहिन्यांचा होई. महिनेन्महिने राहणाऱ्या माणसाला वखार लागते, स्वयंपाक लागतो, देव लागतो, आणि शेवटीं पुरावयास जागाही लागते. कोचींत जें पाहावयास प्रवासी जातात, तीं बहुतेक स्थळें या थांबलेल्या माणसांनीं उभीं केलेलीं आहेत.

दुपारीं उघडीप मिळाली तशी मी समुद्राच्या तोंडाशीं गेलों. तेथें तीं चिनी जाळीं ओळीनें उभीं आहेत. सागाच्या व बांबूच्या वाशांची एक अजस्र तरफ. एका टोंकाला चार वांकलेल्या दांड्यांवर ताणलेलें जाळें, दुसऱ्या टोंकाला दोरांनीं लोंबणारे दगड. दगडांचें वजन जाळ्याच्या वजनाशीं असें जुळविलेलें असतें कीं, एक मनुष्य मुख्य वाशावरून पुढें चालत गेला तरी जाळें हळूहळू पाण्यांत उतरतें. मग थोड्या वेळानें चारपांच जणांनीं दोर ओढले कीं वर येतें. हीं जाळीं चिनी आरमाराबरोबर आलीं असें सांगतात. मकावहून पोर्तुगीजांनीं आणलीं असेंही एक मत आहे. मीं पाहिलें त्या वेळीं चार कोळी गळक्या छपराखालीं उभे होते. जाळें वर आलें, त्यांत मूठभर मासे आणि पावसाच्या पाण्याबरोबर खाडींतून वाहत आलेली ढीगभर जलपर्णी. त्यांनीं ती न बोलतां वेचून टाकली आणि जाळें पुन्हां सोडलें.

पुढची सर आली तेव्हां मी जवळच्या सेंट फ्रान्सिसच्या प्रार्थनामंदिरांत शिरलों. पोर्तुगीजांनीं १५०३ मध्यें तें लांकडाचें बांधलें. आजची इमारत १५१६ च्या सुमाराची. हिंदुस्थानांत युरोपीय लोकांनीं बांधलेल्या अगदीं जुन्या मंदिरांत याची गणना होते. १४९८ मध्यें कालिकतला उतरलेला वास्को द गामा तिसऱ्या खेपेस १५२४ मध्यें व्हाइसरॉय म्हणून आला, आणि त्याच वर्षीं नाताळच्या आदल्या दिवशीं कोचींत वारला. त्याला येथेंच पुरलें. पुढें त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले. फरशींत कठड्याआड त्याच्या थडग्याचा दगड तेवढा राहिला आहे. छतापासून कापडी पंखे लोंबतात. त्यांचे दोर भिंतीच्या भोंकांतून बाहेर जात, आणि ओढणारा नोकर बाहेर उन्हापावसांत उभा असे. घाईनें आलेला प्रवासी तो दगड पाहून पांच मिनिटांत जातो. मला पावसानें तासभर बसविलें; म्हणून दगडानंतर माझी नजर त्या भोंकांकडे गेली.

दुसरा दिवस मट्टनचेरीचा. तेथील राजवाडा १५५५ च्या सुमारास पोर्तुगीजांनीं कोचीच्या राजाला बांधून दिला. १६६३ मध्यें डच लोकांनीं कोची जिंकली; पुढें त्यांनीं वाड्याची डागडुजी केली, म्हणून नांव पडलें 'डच राजवाडा'. बाहेरून तो अगदीं साधा दिसतो. आंत राजाच्या शयनगृहाच्या भिंतींवर मात्र सबंध रामकथा चितारलेली आहे. तांबड्या, पिवळ्या आणि हिरव्या रंगांनीं भिंत अशी भरून गेली आहे कीं, बोट ठेवावयास जागा नाहीं. मी गेलों तेव्हां कर्काचा महिना, म्हणजे कर्किडकम्, नुकताच लागला होता. हा ऐन पावसाचा, कामधंदा थंडावण्याचा आणि पूर्वीं उपासमारीचा महिना. या महिन्यांत केरळांतील हिंदु घरांतून रोज संध्याकाळीं दिवा लावून एळुत्तच्छनाचें अध्यात्मरामायण वाचतात. आपल्या चातुर्मासांतील पोथीच ही. माझ्या मुक्कामाच्या घराशेजारींही तो संथ स्वर संध्याकाळीं पावसांतून ऐकूं येई. दिवसा भिंतीवर पाहिलेली कथा रात्रीं कानांवर पडावी, हें कोरड्या ऋतूंत आलेल्या प्रवाशाच्या नशिबीं नाहीं.

वाड्याशेजारींच ज्यू लोकांची जुनी आळी आहे, आणि तिच्या टोंकाला १५६८ मध्यें बांधलेलें त्यांचें परदेशी सिनेगॉग. जमिनीला निळ्यापांढऱ्या चिनी फरश्या. त्या अठराव्या शतकांत आणविल्या, हातानें रंगविलेल्या आहेत, आणि एकीसारखी दुसरी नाहीं असें सांगतात. बाहेर घड्याळाचा मनोरा १७६० चा. त्याच्या निरनिराळ्या बाजूंना निरनिराळ्या लिपींतील आंकडे आहेत. आपल्या कोंकणांतील बेने इस्राएल समाजाला एकोणिसाव्या शतकांत धर्मशिक्षण देण्यास जे शिक्षक आले, ते याच कोचीच्या ज्यूंपैकीं. १९४८ मध्यें इस्राएल राष्ट्र स्थापन झालें आणि पुढील वर्षांत हा समाज बहुतेक सारा तिकडे निघून गेला. शतकानुशतकांचा मुक्काम एका पिढींत हलला. आज त्या आळींतील बहुतेक घरें दुकानें झालीं आहेत.

या आळींत मिऱ्याचा आणि सुंठेचा वास पावसाळी हवेंत दाटून राहतो. ज्या मिऱ्यासाठीं एवढीं जहाजें आलीं, तेंही पावसाचेंच अपत्य आहे. मिऱ्याच्या वेलाला पाऊस सुरू झाला कीं तुरे फुटतात, त्यांच्या परागांचा प्रसार होण्यास पावसाचें पाणी मदत करतें, आणि पावसाळा उलटल्यावर, थंडीच्या दिवसांत, घोस तोडणीस येतात. याविषयीं केरळांत एक लोककथा सांगतात. पोर्तुगीजांनीं कालिकतच्या सामुतिरी राजाजवळ मिऱ्याच्या वेलाचीं रोपें मागितलीं. दरबारी घाबरले, रोपें गेलीं तर व्यापार गेला. राजा हंसून म्हणाला, वेल नेतील, पण आमचें तिरुवातिर नक्षत्र कसें नेतील? तिरुवातिर म्हणजे आपलें आर्द्रा. कथा खरी असो वा नसो. तिच्यांतील शेतीचें ज्ञान खरें आहे.

तिसऱ्या दिवशीं यादींत नसलेल्या एका ठिकाणीं मला पावसानेंच नेलें. मट्टनचेरीहून परततांना सरीनें गांठलें म्हणून चेरळाई भागांत एका दुकानाच्या पायरीवर उभा राहिलों. आंत एक वृद्ध गृहस्थ दुसऱ्याशीं बोलत होते. मल्याळींतील एक शब्दही मला कळत नसतां त्यांचें बोलणें निम्मेंशिम्में कळूं लागलें, तेव्हां मी चमकलों. ते कोंकणी बोलत होते! पावसाला ते 'पावसु' म्हणत. मीं भीत भीत मराठींत विचारलें. त्यांनीं कोंकणींत उत्तर दिलें. आणि जवळ जवळ तासभर आम्ही दोघे आपापल्या भाषेंत बोलत बसलों. सोळाव्या शतकांत गोव्यांत पोर्तुगीजांच्या धर्मच्छळाला कंटाळून जीं सारस्वत घराणीं दक्षिणेस निघालीं, त्यांतील अनेकांना कोचीच्या राजानें आश्रय दिला. त्यांचें तिरुमल देवस्वम् हें देऊळ चेरळाईंत आहे. त्याची मूळ स्थापना १५९९ ची. वाऱ्यासाठीं थांबलेले व्यापारी परत गेले. हीं माणसें परत जाण्यासाठीं आलींच नव्हतीं.

त्यांच्या भाषेची एक खूण फार दूर जाऊन राहिली आहे. कोचीचा डच अधिकारी हेंड्रिक व्हान र्‍हेडे यानें मलबारच्या वनस्पतींचा 'होर्तुस मलबारिकुस' हा बारा खंडांचा ग्रंथ तयार करविला. तो १६७८ ते १६९३ या काळांत ॲमस्टरडॅमला छापला गेला. या कामीं इट्टि अच्युतन् या मल्याळी वैद्याबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि अप्पु भट हे तीन कोंकणी पंडित साह्यकर्ते होते. त्यांनीं १६७५ मध्यें दिलेलें प्रशस्तिपत्र पहिल्या खंडांत आहे, आणि तें कोंकणी भाषेंत व नागरी लिपींत आहे. आपली अक्षरें युरोपांत छापली गेल्याचा हा अगदीं जुन्या दाखल्यांपैकीं एक. दुकानांतील त्या गृहस्थांना हीं तिन्ही नांवें तोंडपाठ होतीं. मी महाराष्ट्रांतून आलों असें कळल्यावर त्यांनीं मला विचारलें, "आपल्याकडे हीं नांवें मुलांना शिकवितात का?" मला उत्तर देतां आलें नाहीं.

येथवर मीं पावसाचें गुणवर्णनच केलें. पण ओसरीवर चहा घेत थांबणें निराळें, आणि चूल थंड ठेवून थांबणें निराळें. माशांच्या पैदाशीसाठीं केरळांत जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुलैअखेर, सुमारें ५२ दिवस, ट्रॉलर बोटींना मासेमारीची बंदी असते. बंदी योग्यच आहे. पण बोटीवर मजुरी करणाऱ्याच्या घरीं ते ५२ दिवस मोजूनच काढावे लागतात. फोर्ट कोचीच्या दक्षिणेस चेल्लानम् नांवाचें कोळ्यांचें गांव आहे. तेथें पावसाळ्यांत समुद्र घरांत शिरत असे, आणि अलीकडे किनाऱ्याच्या कांहीं भागाला कॉंक्रीटच्या चौपायी ठोकळ्यांचा बंधारा घालावा लागला. २०१८ च्या ऑगस्टमध्यें त्याच पेरियार नदीला असा पूर आला कीं, तिच्या कांठचा विमानतळ १५ तारखेपासून २९ तारखेपर्यंत बंद राहिला. त्या पुरांत घरांच्या छपरांवर अडकलेल्या हजारों लोकांना बाहेर काढलें तें कोळ्यांनीं, आपल्या समुद्रांतील होड्या ट्रकांवर घालून आणून. ज्यांना पाऊस सर्वांत अधिक थांबवितो, तेच त्या वेळीं थांबले नाहींत. चौथ्या दिवशीं निघण्यापूर्वीं मी पुन्हां त्या जाळ्यांपाशीं गेलों, तेव्हां जलपर्णी वेचणारे ते चार हात मला पहिल्या दिवसापेक्षां निराळे दिसले.

पावसांत एकट्यानें जाणाऱ्यांसाठीं अनुभवाच्या चार गोष्टी सांगून पुरें करतों. दिवसाला दोनच स्थळें धरावीं, आणि त्यांपैकीं एक छपराखालचें असावें. सिनेगॉग शनिवारीं बंद असतें, हें आधींच ध्यानांत ठेवावें. उघडीप मिळाली कीं प्रथम समुद्राकडे जावें. वाडे आणि देवळें पावसांतही भेटतात. बुटांपेक्षां वहाणा बऱ्या. आणि सर आली तर रिक्षा शोधण्याची घाई न करतां, जी पायरी जवळ असेल तीवर उभें राहावें. दोघेचौघे असलों म्हणजे अशा वेळीं आपण आपसांतच बोलतों. एकटा मनुष्य दुसऱ्याचें बोलणें ऐकतो.

माझ्या यादींतील पंधरापैकीं सहा स्थळें पाहून झालीं, नऊ राहिलीं. परतीच्या बोटींत बसलों तेव्हां पुन्हां सर आली, आणि मागचा किनारा दिसेनासा झाला. घरीं आल्यावर मित्रांनीं विचारलें कीं, पावसानें फार खोळंबा केला असेल. मीं म्हटलें, केला. त्या खोळंब्यापुरतेंच मला कोची दिसलें. त्या वृद्ध गृहस्थांच्या प्रश्नाचें उत्तर मात्र मला अजून द्यावयाचें आहे. म्हणून तीं तीन नांवें आज आपणांस सांगितलीं.